कोणत्या चमच्याची अंगठी होते?

जुन्या चमच्याची किंवा काट्याची अंगठी घरच्या घरी करता येते का? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा हत्यारांची काळजी असते. करवत कुठली आणायची, दांडी गोल कशी वळवायची, ठोकताना नक्षी चेपली तर काय करायचे? ही काळजी लवकर मिटते, कारण लागणारी हत्यारे चार-पाचच आहेत आणि ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पण अंगठी जमेल की नाही, आणि जमली तरी ती बोटात घालावी की नाही, हे करवत हातात घेण्याआधीच ठरलेले असते. ते ठरवतो चमच्याचा धातू. म्हणून या प्रकरणात कापण्या-वाकवण्याला शेवटची जागा दिली आहे आणि धातू ओळखण्याला पहिली.

1. एका खणातले पाच धातू

हैदराबादचा बरकतपुरा हा भाग भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयामुळे शहरभर ठाऊक आहे. शेजारचा काचीगुडा आणि पलीकडचा सुलतान बाजार यांच्यासारखीच इथेही मराठी घरे आहेत. 1956 पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी माणसे इथे येत राहिली आणि पुढे इथलीच झाली. अशा घराच्या स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण धातुशास्त्र शिकायला उत्तम जागा आहे. त्यात रोजचे स्टीलचे चमचे असतात. एखादा हिंदालियमचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जुना डाव असतो. देवघराकडून इकडे आलेली तांब्या-पितळेची पळी असते. बाळाच्या उष्टावणाला आजोळहून आलेल्या चांदीच्या वाटीतला छोटा चमचा कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. आणि कोणाच्या तरी वास्तुशांतीत किंवा वरलक्ष्मी व्रताला वाण म्हणून मिळालेली जर्मन सिल्व्हरची वस्तू असते. बेगम बाजारात अशा वस्तूंचे ढीग लागलेले असतात आणि तेलुगू शेजाराच्या रीतीने त्या मराठी घरांतही आल्या आहेत. जुमेरात बाजारात जुन्या सामानात हात घालणाऱ्यांकडे आणखी एक प्रकार सापडतो: जुन्या हॉटेलांतले आणि क्लबांतले चांदीचा मुलामा दिलेले जड काटे-चमचे.

यांतले चांदी, स्टील, जर्मन सिल्व्हर आणि मुलाम्याचे चमचे पुसून शेजारी शेजारी ठेवले तर पांढऱ्या चकाकीत फारसा फरक दिसत नाही. सगळी गफलत तिथेच होते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ढोबळ मानाने त्यात साठ टक्के तांबे, वीस टक्के निकेल आणि वीस टक्के जस्त असते. चीनमध्ये पूर्वीपासून होणाऱ्या अशाच एका पांढऱ्या मिश्रधातूची नक्कल जर्मनीत 1820 च्या दशकात साधली, म्हणून हे नाव पडले. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतले आणि याच धातूवर चांदीचा पातळ थर देऊन मेजावरची भांडी घाऊक प्रमाणात निघू लागली. अशा चमच्यांच्या पाठीवर ‘ईपीएनएस’ ही इंग्रजी अक्षरे असतात. चार अक्षरे चार छोट्या ढालींत कोरलेली असली की नवख्याला तो शुद्धतेचा शिक्काच वाटतो. प्रत्यक्षात ती अक्षरे सांगतात की चांदी फक्त वरवर आहे.

खऱ्या चांदीच्या खुणा वेगळ्या असतात. 925 हा आकडा म्हणजे हजारात 925 भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबे. यालाच स्टर्लिंग म्हणतात. इंग्लंडमधल्या जुन्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो, युरोपातल्या कित्येक चमच्यांवर 800 हा आकडा असतो. भारतात चांदीसाठी हॉलमार्क योजना 2005 मध्ये आली, त्यामुळे त्याआधी घडवलेल्या वाटी-चमच्यावर तो छाप नसणे स्वाभाविक आहे. छाप नाही एवढ्यावरून चांदी खोटी ठरत नाही आणि छापासारखे काही दिसले म्हणून ती खरीही ठरत नाही. तेव्हा तपासणी आपणच करायची.

2. चुंबक, गरम पाणी आणि वजनकाटा

पहिली चाचणी चुंबकाची. चमचा चुंबकाला घट्ट चिकटला तर तो चांदीचा नाही, जर्मन सिल्व्हरचाही नाही. तो बहुधा क्रोमियम असलेल्या पण निकेल जवळजवळ नसलेल्या स्वस्त स्टीलचा आहे. चिकटला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. ‘18/8’ किंवा ‘18/10’ असे लिहिलेले चांगले स्टील चुंबकाला फारसे दाद देत नाही. या आकड्यांचा अर्थ 18 टक्के क्रोमियम आणि 8 किंवा 10 टक्के निकेल.

दुसरी चाचणी उष्णतेची. चांदीइतकी चांगली उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. स्टीलच्या तुलनेत चांदीतून उष्णता वीसपटींहून अधिक सहज वाहते, आणि जर्मन सिल्व्हरही या बाबतीत चांदीच्या फार मागे आहे. साधारण सारख्या जाडीचे दोन चमचे, एक संशयित आणि एक स्टीलचा, उकळत्या पाण्याच्या पेल्यात एकदम बुडवा आणि दांड्यांची टोके बोटांनी धरून ठेवा. चांदीचा दांडा काही क्षणांत सोडून द्यावासा वाटेल, स्टीलचा बराच वेळ गार राहील. या चाचणीची खुबी अशी की वरचा मुलामा तिला फसवू शकत नाही. उष्णता चमच्याच्या सगळ्या जाडीतून वाहते आणि मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो.

तिसरी चाचणी सर्वांत भरवशाची आहे. तिला ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो. चमच्याचे वजन करा. समजा ते 26 ग्रॅम भरले. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. चमचा दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा. तो पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा दिसेल तेवढे ग्रॅम पाणी चमच्याने बाजूला सारले. 26 ला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. आकडा 2.5 आला तर घनता 10.4, म्हणजे चमचा स्टर्लिंग चांदीचा. आकडा 3 आला तर घनता 8.7 च्या आसपास, म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा त्याच्यावरचा मुलामा. 3.3 आला तर घनता 7.9, म्हणजे स्टील. आर्किमिडीजच्या नावाने शाळेत शिकलेला नियम तो हाच. तीनही चाचण्यांनंतर शंका उरली तर हॉलमार्किंग केंद्रात वस्तू तपासून मिळते. सराफाकडेही विचारता येते, मात्र तिथे आपण मोड विकायला आलो नाही हे आधीच सांगावे.

3. धातू वाकतो तेव्हा आत काय होते

आता वाकवण्याकडे. चमचा तुटत नाही, वाकतो, याचे कारण धातूच्या अंतर्गत रचनेत आहे. धातूतले अणू ओळीने, थरावर थर असे बसलेले असतात. वाकवताना हे थर एकमेकांवरून सरकतात, पण संपूर्ण थर एकदम सरकत नाही. लग्नाच्या मांडवातली मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर हलत नाही. मात्र एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली की सतरंजी बोटभर पुढे सरकते. धातूतही अशाच सुरकुत्या पुढे जातात आणि त्यांच्यामुळेच तो वाकतो. पण चारी बाजूंनी सुरकुत्या पाडत गेलो तर त्या एकमेकींत अडकतात आणि मग सतरंजी जागची हलत नाही. धातू पुन्हा पुन्हा वाकवल्यावर कडक होतो तो यामुळेच, आणि आणखी वाकवला तर तडकतो. अंगठी बोटात जरा सैल-घट्ट वाटली की तिची तोंडे उघडमीट करण्याची सवय तिला मोडून टाकते, त्याचेही कारण हेच.

कडक झालेला धातू पुन्हा मऊ करायचा उपाय सोनारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ताव देणे. स्टर्लिंग चांदी 600 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की अडकलेल्या सुरकुत्या मोकळ्या होतात, नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा वाकायला तयार होतो. या तापमानाला चांदी मंद लाल दिसते, तीही अंधाऱ्या खोलीतच. भर उजेडात लाली दिसेपर्यंत थांबले तर ताव जास्त होतो, आणि 800 अंशांच्या पुढे स्टर्लिंग वितळायला लागते. लोहाराला पाहून एक गैरसमज होतो, तो इथेच दूर करावा. पोलादाचे पाते लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते, म्हणून चांदीही होईल असे वाटते. चांदीचे तसे नाही. तापवून पाण्यात विझवलेली चांदी मऊच राहते.

चांदीच्या मऊपणाचा पुरावा हैदराबादेत डोळ्यांसमोर आहे. चारमिनारच्या परिसरात वर्ख कुटणारे कारागीर चांदीचे तुकडे पानांच्या थप्पीत घालून हातोड्याने कुटत राहतात, आणि शेवटी मिळणारा वर्ख मिठाईवर फुंकरीनेही हलतो. हा गुण शुद्ध चांदीचा. स्टर्लिंगमध्ये तांबे मिसळल्याने ती थोडी कणखर होते, तरीही हाताच्या कामाला पुरेशी नरम राहते.

स्टीलची गोष्ट निराळी. मुळात ते वाकवायला चांदीच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो, शिवाय वाकताना ते चांदीपेक्षा झपाट्याने कडक होते. त्याला मऊ करायला हजार अंशांच्या वर ताव द्यावा लागतो, आणि ते घरी शक्य नाही. यावर कोणी म्हणेल की बाजारातला स्वस्त स्टीलचा चमचा तर हाताने वाकतो. खरे आहे, आणि त्याचे कारण जाडीत आहे. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाने वाढतो: 2 मिलिमीटरच्या पट्टीला 1 मिलिमीटरच्या पट्टीपेक्षा चौपट जोर लागतो. म्हणून पातळ स्टीलचा चमचा हाताला वश होतो आणि जाड, सुबक 18/10 चा चमचा घरच्या हातोडीला जुमानत नाही. हेच काट्यालाही लागू आहे. काट्याचे दात सुटे सुटे आणि बारीक असल्याने गोल तोंडाच्या पकडीने वळतात, पण जाड स्टीलच्या काट्याची दांडी वळत नाही.

4. मापाचे छोटे गणित

दांडी किती लांब कापायची? सराफाकडे अंगठीचा जो नंबर सांगतात त्यात 40 मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये मिळतो. नंबर 14 असेल तर घेर 54 मिलिमीटर आणि आतला व्यास सुमारे 17.2. पण 54 मिलिमीटरचीच पट्टी कापली तर अंगठी लहान होते, कारण पट्टीला जाडी असते. वाकताना तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आखडते आणि फक्त मधली रेघ मूळ लांबीची राहते. म्हणून व्यासात एक जाडी मिळवून हिशेब करायचा. 2 मिलिमीटर जाडीच्या दांडीसाठी 17.2 अधिक 2 म्हणजे 19.2, त्याला 3.14 ने गुणले की 60 मिलिमीटर. टोके एकमेकांवर चढवायची असतील तर आणखी 10 ते 15 मिलिमीटर ठेवा.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. त्या अंगठीचा बाहेरचा घेर साडेसहासष्ट मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे 60 मिलिमीटरची बाहेरची बाजू दहा टक्क्यांनी ताणली गेली. मऊ स्टर्लिंग हा ताण सहज सोसते. त्यामुळे चांदीची दांडी एकाच खेपेत, घाई न करता वळवली तर ताव देण्याची गरजही बहुधा पडत नाही. चूक झाली आणि ती सरळ करून पुन्हा वळवायची वेळ आली तरच पडते. रुंद अंगठी त्याच मापाच्या बारीक अंगठीपेक्षा घट्ट बसते, म्हणून नक्षीदार रुंद दांडीला एक नंबर मोठा धरावा. उष्टावणाचा चमचा लहान असतो, त्याच्या दांडीत मोठ्या माणसाची अंगठी बसेलच असे नाही. आधी मोजावे.

5. दिसायला सर्वांत छान, बोटाला सर्वांत वाईट

आतापर्यंतच्या हिशेबाने जर्मन सिल्व्हर चांगला उमेदवार वाटेल. दिसते चांदीसारखे, मिळते स्वस्त, स्टीलपेक्षा सहज वळते. तरीही त्याची अंगठी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण आहे निकेल. घाम खारट आणि किंचित आम्ल असतो. त्यात निकेलचे कण विरघळून त्वचेत शिरतात. काही माणसांच्या शरीराला त्याचे वावडे जडते. मग अंगठीखालची कातडी लाल होते, खाजते, तिला चिरा पडतात. एकदा जडलेले हे वावडे सहसा जन्मभर राहते, आणि पुढे घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या कानातल्यानेही त्रास होऊ लागतो. युरोपीय संघाने 1994 मध्ये यासाठी नियमच केला: त्वचेला सतत लागून असणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला, दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की जर्मन सिल्व्हरची तबके, करंडे घरोघरी आहेत, त्यांनी कोणाला काय झाले? तबक हातात काही मिनिटे असते. अंगठी दिवसभर एकाच जागी, घाम आणि साबणाचे पाणी यांत भिजत राहते. निकेलच्या बाबतीत सगळा प्रश्न संपर्काच्या वेळेचा आहे. दुसरा आक्षेप: स्टीलमध्येही आठ-दहा टक्के निकेल असतेच की! असते, पण स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा असतो आणि तो खरचटला तरी हवेत आपोआप पुन्हा धरतो. त्यामुळे निकेल आत अडकून राहते. जर्मन सिल्व्हरला असे कवच नाही. किती निकेल आहे यापेक्षा किती सुटते हे महत्त्वाचे. तिसरा आक्षेप मुलाम्याचा: चांदीचा थर आहे ना मध्ये? थर आहे, पण अंगठी दिवसभर कशाला ना कशाला घासत असते आणि आतल्या बाजूचा थर आधी झिजतो. कापलेल्या टोकांवर तर तो पहिल्या दिवसापासून नसतो. नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश आतून लावण्याचा उपाय सुचवला जातो, तोही थोडेच दिवस टिकतो.

चांदीच्या अंगठीखाली कधी कधी बोट हिरवट-काळपट होते. तो तांब्याचा आणि गंधकाचा डाग असतो, साबणाने निघतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

6. वाडवडिलांची चांदी कापावी का?

हा आक्षेप सर्वांत मनापासूनचा आहे, म्हणून त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. काही वस्तू कापूच नयेत. मद्रासच्या ‘पी. ऑर अँड सन्स’ किंवा कलकत्त्याच्या ‘हॅमिल्टन’सारख्या जुन्या पेढ्यांचे नाव पाठीवर असलेला चमचा संग्राहकाला अखंडच हवा असतो, आणि पूर्ण संचातला एक चमचा कापणे म्हणजे संच मोडणे. घडणीची आणि पूर्वेतिहासाची किंमत धातूच्या वजनाहून किती मोठी असते, हे हैदराबादने 2018 साली पाहिले. पुराणी हवेलीतल्या निजाम संग्रहालयातून रत्नजडित सोन्याचा डबा, कप, बशी आणि चमचा चोरीला गेला. काही दिवसांतच पोलिसांनी तो ऐवज परत मिळवला. मधल्या काळात तो वितळवला गेला असता तर सोन्याची लगड उरली असती आणि बाकी सगळे नाहीसे झाले असते.

पण घरातला वाकलेला, जोडी हरवलेला, पेढीचे नाव नसलेला चमचा निराळा. त्याचे आज प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. तो वर्षानुवर्षे कपाटात काळा पडतो, आणि एके दिवशी नव्या चांदीच्या बदल्यात मोडीत जातो. सराफ घट धरतो, चमचा मुशीत जातो, आणि त्यावर कोरलेली आजीची आद्याक्षरे त्याच्याबरोबर जातात. अंगठी केली तर दांडीवरची नक्षी आणि ती अक्षरे बोटावर राहतात. जतन करणे म्हणजे वस्तू आहे तशी ठेवणे, हा अर्थ संग्रहालयाला योग्य आहे. घराला तो नेहमी लागू पडत नाही. नाण्याच्या अंगठीची गोष्ट मात्र यात मिसळू नये: 2011 च्या नाणे कायद्यानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे. चमच्याला असे बंधन नाही.

7. प्रत्यक्ष काम

लागणारे सामान: बारीक पात्याची करवत, दांडी आवळून धरायला शेगडा (व्हाइस), कानस, तीन-चार प्रतींचे पॉलिश पेपर, लाकडी मोगरी किंवा रबरी हातोडी, आणि बोटाच्या मापाचा पोलादी गज. दांडीवर मापाची खूण करून ती कापडात गुंडाळून शेगड्यात आवळा आणि खोलगट भाग कापून टाका. कापलेली कड कानशीने गोल करा. ओठांवर फिरवून पाहिली तरी टोचू नये इतकी गुळगुळीत. दोन्ही टोके आधी वळवा, कारण पट्टी गोल झाल्यावर टोकांना जोर देता येत नाही. मग मधला भाग गजावर धरून मोगरीने हलके ठोकत आणा. नक्षीवर चामड्याचा तुकडा ठेवला तर ती चेपत नाही. काट्याचे दात वापरणार असाल तर प्रत्येक टोक बोथट करा, नाहीतर ते कपड्यात आणि केसांत अडकते.

आगीचे काम शक्यतो सोनाराकडून करून घ्यावे. चारकमानच्या सराफ बाजारापर्यंत जायलाच हवे असे नाही, बहुतेक गल्ल्यांत सोनार असतो. घरी तापवायचे ठरवलेच तर फक्त ओळख पटलेली चांदी तापवा. जर्मन सिल्व्हर आणि पितळ फार तापले तर जस्ताचा घातक धूर येतो, ॲल्युमिनियम लाल न होताच 660 अंशांच्या आसपास वितळते, आणि जुन्या सुऱ्यांच्या पोकळ मुठी आतल्या भरावामुळे फुटू शकतात. यंत्रावर काम करताना अंगठी काढून ठेवावी. बोट सुजले तर दवाखान्यात चांदीची अंगठी लहान करवतीने झटकन कापता येते, स्टीलची कापायला फार वेळ लागतो. चांदीच्या बाजूने हेही एक कारण धरावे.

पहिली अंगठी मात्र चांदीची करू नये. खणातला चुंबकाला चिकटणारा पातळ स्टीलचा चमचा घ्या. तो स्वस्त आहे, त्यात निकेल नगण्य आहे, आणि तो बिघडला तर नुकसान काहीच नाही. त्याच्यावर माप, कापणी आणि वळण हाताला बसले की मगच कापडात गुंडाळलेला चमचा बाहेर काढा, आणि कापण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कोणाचा होता ते विचारून घ्या.